रकाना क्रमांक सात

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी गस्तनौका क्रमांक नऊवर मरणावरचा उतारा येऊन पोहोचला आणि तो कोणत्या नोंदवहीत चढवायचा, हा गंभीर प्रश्न उभा राहिला.

पुठ्ठ्याच्या खोक्यात नाकात मारायचे चोवीस छोटे फवारे होते. सोबत परिपत्रक होते. किनारा गस्त सेवेचे काम समुद्रावरून येणारा अमली माल पकडण्याचे. तो पकडताना कर्मचाऱ्याच्या अंगात गेल्यास जीवितहानी होऊ नये, सबब प्रत्येक नौकेस उतारा पुरवण्यात येत आहे, असे त्यात म्हटले होते. खाली अंमलबजावणी शाखेच्या साहेबांची सही होती. साहेब मुख्यालयात, म्हणजे जमिनीवर बसत.

नौकेवरच्या सिस्टरने एक फवारा उचलून सगळ्यांना दाखवला. "सोपं आहे. अफूच्या जातीतलं काही अंगात जास्त गेलं की माणूस श्वास घ्यायचं विसरतो. हे नाकपुडीत घालायचं आणि दाबायचं. श्वास परत येतो. नाही आला तर दोन-तीन मिनिटांनी दुसरा. फक्त वेळ घालवायचा नाही. चार मिनिटं हवा मिळाली नाही तर मेंदू कामातून जातो."

"आणि चुकीच्या माणसाला दिलं तर?" शिक्केमामांनी विचारले.

"काही होत नाही मामा. नाक ओलं होतं."

शिक्केमामा नौकेचे भांडारपाल. खरे नाव त्यांच्या सेवापुस्तकात होते. बाकी सगळीकडे ते शिक्केमामा होते, कारण त्यांच्या खिशात कायम पितळी शिक्का आणि लाखेची कांडी असे. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या भांडारातून एकदाच एक चमचा हरवला होता. त्यांनी एकवीस जणांचे जबाब घेतले. चमचा काही सापडला नाही, पण फाईल अशी बंद केली की मुख्यालयात ती नव्या लोकांना शिकवायला काढत. निवृत्तीला अकरा महिने उरले होते आणि पाटी कोरी होती.

सिस्टरचे म्हणणे असे की, हे फवारे लाल पिशव्यांत घालून प्रत्येक जिन्यापाशी टांगावेत. मामांच्या लेखी टांगलेली वस्तू म्हणजे बेवारस वस्तू. त्यांनी परिपत्रक पुन्हा वाचले. ते वैद्यकीय शाखेकडून आले असते तर औषधाच्या वहीत गेले असते, सुरक्षा शाखेकडून आले असते तर तरंगत्या जाकिटांच्या वहीत. पण आले होते अंमलबजावणी शाखेकडून. म्हणजे ही अमली पदार्थांशी संबंधित वस्तू झाली. अमली पदार्थांशी संबंधित वस्तूंची जागा नौकेवर एकच होती, ती म्हणजे मुद्देमालाचे लोखंडी कपाट. त्याला दोन कुलुपे होती. एक किल्ली मामांकडे असे, दुसरी कप्तानाकडे.

"अहो मामा," सिस्टर म्हणाली, "चोराच्या कोठडीत पोलिसालाच कोंडताय तुम्ही."

"कोंडत नाही, सुरक्षित ठेवतोय," मामा म्हणाले. आणि ते काम त्यांनी मनापासून केले. कोणी आतला फवारा वापरून रिकामी नळी परत ठेवू नये म्हणून चोवीसही फवाऱ्यांच्या टोकांवर त्यांनी लाख ओतून शिक्का उमटवला. लाखेचा गोळा फवाऱ्याच्या टोकाच्या दुप्पट झाला. नाकापेक्षा मोती जड, असे सिस्टर पुटपुटली, पण मामांनी ते नोंदवून घेतले नाही.

कप्तान भला माणूस होता. कोणत्याही प्रस्तावावर तो एकच शेरा मारी: "हरकत नाही, मात्र माझे नाव येऊ नये." या शेऱ्यासह प्रस्ताव मुख्यालयात गेला आणि साहेब खूश झाले. महिन्याभरात सेवेच्या सगळ्या नौकांवर उतारा लोखंडी कपाटात गेला, सगळ्यांच्या टोकांवर लाख चढली, आणि मामांना प्रशस्तिपत्र मिळाले. मामांच्या धाकट्या बहिणीने ते चौकटीत बसवून आपल्या घराच्या भिंतीवर लावले. मामांचा संसार म्हणजे हेच घर. धाकटीचा नवरा त्याच नौकेवर इंजिनाचा मिस्त्री होता.

उताऱ्याचा पहिला वापर खुद्द साहेबांवर झाला. एका मासेमारी होडीवर पांढऱ्या भुकटीची पोती सापडली, तेव्हा साहेब जातीने पाहणीला आले. समुद्र खवळलेला होता, साहेब उपाशीपोटी होते आणि छायाचित्रकाराला जवळचा फोटो हवा होता. साहेबांनी बोटाने भुकटीला स्पर्श केला, "माल अस्सल आहे," असे म्हणाले आणि मटकन खाली बसले. नुसत्या स्पर्शाने माणूस मरतो, असे त्यांच्याच परिपत्रकात होते. ते आपल्या परिपत्रकाबाहेर कसे जातील? त्यांच्यासाठी कपाट दीड मिनिटात उघडले. कप्तानाने किल्ली धावत आणली आणि दोघा खलाशांनी लाख फोडली. सिस्टर ओरडत होती, "अहो, ते बोलतायत, श्वास चालू आहे!" तरीही साहेबांना एकामागून एक सात फवारे देण्यात आले. साहेबांना शौर्यपदक मिळाले. भुकटीचा तपासणी अहवाल पंधरा दिवसांनी आला. ती कपडे धुण्याची पावडर होती. अहवालावर 'गोपनीय' असा शिक्का मारण्यात आला. तोही मामांनीच मारला.

एका दुपारी सात फवारे खर्ची पडल्याने मुख्यालयाला चिंता वाटली. उताऱ्याचा गैरवापर होऊ शकतो, हे आता सिद्धच झाले होते. साहेबांनी मामांना बोलावून घेतले.

"मामा, अर्जाचा एक नमुना तयार करा. आलतूफालतू माणसाला उतारा जाता कामा नये. उद्या एखादा स्वतःहून नशा करेल आणि आपल्या औषधावर जगेल!"

"बरोबर आहे साहेब. सरकारी वस्तू आहे."

मामांनी तीन दिवस बसून एक देखणा अर्ज आखला. त्यात अकरा रकाने होते. सातवा रकाना त्यांना विशेष जमला होता: 'पदार्थ शरीरात कसा गेला? (अ) कर्तव्य बजावताना, (ब) स्वेच्छेने. एकावर खूण करावी.' अ असेल तर कपाट लगेच उघडावे. ब असेल तरी सेवा काही निर्दय नव्हती. तीन सदस्यांच्या समितीपुढे रुग्णाने आपले म्हणणे मांडावे आणि समितीने सहानुभूतीपूर्वक निर्णय घ्यावा. अकराव्या रकान्यात रुग्णाची सही होती, त्याखाली साक्षीदाराच्या सहीची जागा होती. खाली बारीक अक्षरांत टीप होती: 'रुग्ण बेशुद्ध असल्यास शुद्धीवर येईपर्यंत थांबावे.'

कापडी बाहुला ठेवून या अर्जाचा सराव झाला. उतारा बाहुल्याच्या नाकाशी पोहोचायला एक तास बावन्न मिनिटे लागली. अर्जात एकही खाडाखोड नसल्याने गस्तनौका क्रमांक नऊचा पहिला नंबर आला. बाहुल्याच्या वतीने अंगठा कप्तानाने दिला. त्यावर त्याचे नाव येत नव्हते.

आता मिस्त्रीबद्दल. दोन वर्षांपूर्वी इंजिनखोलीचे लोखंडी झाकण त्याच्या पाठीवर पडले होते. सेवेच्या डॉक्टरांनी त्याला दुखणे मारणाऱ्या जबर गोळ्या दिल्या. सहा महिने दिल्या आणि मग बंद केल्या, कारण या प्रकारचे दुखणे सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणे अपेक्षित नाही, असे परिपत्रक आले. पाठीने परिपत्रक वाचले नव्हते. तरी मिस्त्री कामावर येत राहिला, खाली वाकत राहिला, हसत राहिला. कधी कधी जेवताना त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या, अफूच्या नशेत होतात तशा, टाचणीच्या टोकाएवढ्या दिसत. मामा समोरच बसलेले असत. त्यांना दिसत नव्हते असे नाही. त्यांनी विचारले नव्हते, इतकेच. विचारले असते तर उत्तर आले असते, आणि उत्तर आले असते तर ते कुठेतरी नोंदवावे लागले असते. मेहुण्यावर मामांचा जीव होता, म्हणून ते मान खाली घालून जेवत.

तो गुरुवार होता, सकाळचे साडेदहा. आदल्या दिवशी पकडलेली एक होडी नौकेला बांधलेली होती. तिच्या तळात माल सापडला होता, आणि तिचे इंजिन चालू करायला मिस्त्री सकाळी तीत उतरला होता. तिथून परत येऊन तो आपल्या इंजिनखोलीत गेला. चहाची वेळ झाली तरी वर आला नाही, म्हणून सिस्टर खाली डोकावली. जनित्र आणि पान्यांच्या फळीमधल्या अरुंद जागेत मिस्त्री आडवा पडला होता. ओठ निळे होते. घशातून घरघर येत होती. तिने त्याला हाका मारल्या, छातीचे हाड मुठीने चोळले. तो हलला नाही, आणि घरघरही थांबली.

"उतारा आणा!" सिस्टरची हाक थेट वरच्या डेकवर पोहोचली. "मामा! उतारा!"

मामा कपाटापाशी धावले. त्यांनी आपले कुलूप उघडले. कप्तान आपली किल्ली घेऊन आला, पण ती कुलुपात घालीना.

"मामा, रकाना सात?"

"काय?"

"अ की ब? मी किल्ली फिरवली की माझं नाव येतं हो."

"साहेबांच्या वेळी तुम्ही..."

"तेव्हा तुमचा अर्ज नव्हता!"

हे खरे होते. कप्तानाने मुख्यालयाला फोन लावला. साहेब एका सभागृहात 'प्रत्येक श्वास मोलाचा' या विषयावर भाषण देत होते. ते व्यासपीठावरून बाजूला झाले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "लवकर बोला. अ की ब?"

"कळत नाही साहेब. सकाळी जप्त होडीत उतरला होता. पण त्याची पाठ... म्हणजे जुनं दुखणं आहे. दोन्ही असू शकतं."

"मग त्यालाच विचारा."

"बेशुद्ध आहे साहेब."

"मग शुद्धीवर येऊ द्या! टीप वाचली नाही का तुम्ही? इतकी स्पष्ट टीप आहे." फोनमधून टाळ्यांचा आवाज आला आणि साहेब परत व्यासपीठावर गेले.

मामांच्या हातात अर्जाचे तीन कोरे नमुने होते. ते केव्हा हातात घेतले, हे त्यांना आठवत नव्हते. ती टीप कोणाची होती, हे मात्र पक्के आठवत होते. 'थांबावे' हा शब्द घालताना त्यांनी 'प्रतीक्षा करावी' असा पर्यायही तपासून पाहिला होता.

खालून सिस्टरचा आवाज आला. ती मिस्त्रीच्या तोंडात श्वास भरत होती आणि दोन श्वासांच्या मध्ये ओरडत होती. "मामा! धाकटीला काय सांगणार? कोणता रकाना दाखवणार तिला?"

अर्ज मामांच्या हातून गळून पडले. समोरच्या भिंतीवर काचेच्या पेटीत कुऱ्हाड होती. काचेवर लाल अक्षरांत लिहिले होते: 'फक्त आग लागल्यास काच फोडावी.' मामा त्या सूचनेसमोर उभे राहिले. आग लागलेली नव्हती. बत्तीस वर्षांत त्यांनी एकही सूचना मोडली नव्हती. पूर्ण तीन सेकंद ते तसेच उभे राहिले, आणि पुढे आयुष्यभर त्यांना लाज वाटली ती या तीन सेकंदांची. मग त्यांनी कोपराने काच फोडली.

तिसऱ्या घावाला कप्तानाचे कुलूप तुटले. आत सतरा फवारे ओळीने उभे होते, प्रत्येकाच्या टोकावर लाखेचा टणक गोळा आणि त्यावर मामांचाच शिक्का. मामा दोन फवारे घेऊन जिन्यावरून अक्षरशः घसरत खाली गेले. लाख नखांनी निघेना. त्यांनी ती दाताने फोडली. एक दाढ तिथेच हलली. तोंडातली लाख थुंकत त्यांनी मिस्त्रीच्या नाकपुडीत टोक घातले आणि दाबले.

काही झाले नाही. सिस्टर श्वास भरत राहिली. मामांनी दुसऱ्या फवाऱ्याची लाख फोडली आणि फवारा हातात धरून घड्याळ बघत बसले. मेहुण्याचे डोके त्यांच्या मांडीवर होते. त्यांना रडू येत होते आणि त्यांनी ते लपवले नाही. अडीच मिनिटांनी सिस्टर म्हणाली, "द्या." त्यांनी दुसरा दिला.

मिस्त्रीच्या छातीत काहीतरी अडखळले. मग त्याने एक लांब, खरखरीत श्वास घेतला, मग दुसरा. ओठांवरचा निळा रंग ओसरू लागला. त्याने डोळे उघडले, मामांकडे पाहिले, आणि बऱ्याच वेळाने क्षीण आवाजात म्हणाला, "दादा... सही कुठं करू?"

विभागीय चौकशी आठवड्याभरात बसली. या विषयाचा स्वानुभव असल्याने अध्यक्षपद साहेबांकडे होते. मामांवर चार आरोप होते: शासकीय कुलूप तोडणे, आग नसताना काच फोडणे, अर्जाविना दोन उतारे वापरणे आणि शासकीय शिक्का दाताने विद्रूप करणे.

"मिस्त्रीचं प्रकरण सरळ आहे," साहेब म्हणाले. "उताऱ्याने तो शुद्धीवर आला. म्हणजे त्याच्या अंगात अमली पदार्थ होता. उतारा हाच पुरावा."

साक्षीला उभी असलेली सिस्टर म्हणाली, "साहेब, तुम्हीही सात फवाऱ्यांनी शुद्धीवर आला होता."

मग लेखनिकाला सांगण्यात आले की, हे वाक्य नोंदवू नये.

चहाच्या वेळी समितीचा दुसरा सदस्य मामांजवळ आला आणि सहानुभूतीने म्हणाला, "तुम्ही घाई केलीत मामा. तो गेला असता ना, तर काही प्रश्नच नव्हता. कर्तव्यावर मृत्यू. सलामी झाली असती, बहिणीला नोकरी मिळाली असती, रकाना सात आपोआप 'अ' झाला असता. मेलेल्या माणसाला कोणी 'ब' लिहीत नाही. सगळंच सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं निभावलं असतं."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "आमच्या घरी तो रोज जेवायला असतो," ते म्हणाले.

चौकशीतून ठोस उपाय निघाले. असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून सेवेच्या सगळ्या नौकांवरच्या कुऱ्हाडी भिंतीवरून काढून मुद्देमालाच्या कपाटात, उताऱ्याशेजारी, कुलूपबंद करण्यात आल्या. कपाटाला तिसरे कुलूप लागले. त्याची किल्ली मुख्यालयात राहणार होती. मामांना सक्त ताकीद मिळाली. एकच बाब राहिली. त्या दिवशीचा अर्ज पूर्ण झाल्याशिवाय फाईल बंद होत नव्हती, आणि फाईल बंद होईपर्यंत मिस्त्री निलंबित आणि मामांची निवृत्ती प्रलंबित होती. उतारा देणारा या नात्याने रकाना सात मामांनीच भरायचा होता.

अर्ज घेऊन मामा बहिणीच्या घरी आले. मिस्त्री पाठीमागे उशी घेऊन खिडकीशी बसला होता. धाकटीने चहा ठेवला आणि अर्जाकडे पाहिले.

"दादा, 'अ'वर खूण कर आणि मोकळा हो. होडीत उतरलाच होता ना हा? काय जातंय आपलं?"

"काही जात नाही," मामा म्हणाले.

"दादा," खिडकीशी बसलेला मिस्त्री म्हणाला, "तुम्ही मला अजून एकदाही विचारलं नाहीत."

"पाठ कशी आहे, ते विचारायचं राहिलंय खरं. दोन वर्षं राहिलं. कशी आहे?"

"दुखते," मिस्त्री म्हणाला, आणि तो मोठा माणूस तोंड फिरवून रडू लागला.

धाकटी अजून अर्जाकडे बघत होती. "मग 'अ' का नाही लिहीत?"

"'अ' लिहिलं तर त्याचा अर्थ असा होईल की, ह्याला वाचवायला मला काहीतरी कारण लागलं." मामांनी पेनाला टोपण लावले आणि इतर दहा रकाने भरलेला अर्ज सातवा कोरा ठेवून परत पाठवला.

तो आजही फिरतो आहे. मुख्यालयातून नौकेवर येतो, नौकेवरून मुख्यालयात जातो. या टेबलावरून त्या टेबलावर जाताना जो कोणी तो उचलतो, तो सर्वांत आधी सातव्या रकान्यावर नजर टाकतो आणि शेजाऱ्याला हळूच विचारतो, "पण खरं काय झालं होतं हो? होडीत लागलं, की स्वतः घेतलं होतं?"

त्या लोकांना नावे ठेवण्याची घाई आपणही करू नये. मिस्त्री जनित्राशेजारी निळा पडला, तेव्हापासून आपण हाच प्रश्न मनात धरून इथवर वाचत आलो आहोत. शेवटी तरी खरे काय ते कळेल, अशी आशा होती. मध्ये कुठेतरी, बहुधा टाचणीएवढ्या बाहुल्यांचा उल्लेख आला तेव्हाच, आपण एका अक्षरावर बारीकशी खूणही करून ठेवली आहे. अर्जात साक्षीदाराच्या सहीची जागा अजून रिकामी आहे. सही करून टाकावी. मुख्यालयात आहे म्हणतात ती कपाटाची तिसरी किल्ली खरे तर आपल्याच खिशात आहे.